विहीणबाईंचं वेल्डिंग

माझ्या विहीणबाईंइतकी धीट बाई गोदेच्या दोन्ही काठांना सापडायची नाही, आणि हा धीटपणा वाढवण्याचा मूर्खपणा माझ्या हातून झाला. त्यांच्या पहिल्यावहिल्या वेल्डिंगला मी "अय्या, किती छान!" म्हणाले. तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. मुलाच्या सासूला नावं ठेवायची नसतात, एवढं एकच शहाणपण आईने मला दिलं होतं आणि ते मी नको तिथे खर्च केलं.

विहीणबाई देवळाली कॅम्पात एकट्या राहतात. कारागिराची वाट बघणं त्यांच्या रक्तातच नाही. शिंप्याने ब्लाउज लांबवला, यांनी शिलाई मशीन आणलं. नळवाला आला नाही, यांनी पाना आणला आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला दिवसभर कोरडं ठेवलं. त्यामुळे फाटकाची बिजागरी तुटली आणि वेल्डर रोज "काकू, उद्या सकाळी नक्की" म्हणू लागला, तेव्हाच पुढचं ओळखायला हवं होतं. खरेदीला त्यांनी मला सोबत नेलं. नाशिकरोडच्या दुकानदाराने आधी पाणी दिलं, मग विचारलं, "साहेब नाही आले?"

"साहेब फोटोत असतात. तुम्ही मशीन दाखवा."

"आजी, हे मिक्सर नाहीये. वेल्डिंगचंय."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. मिक्सर हवा असता तर भांड्यांच्या दुकानात नसते गेले?"

त्याने घरच्या लाइटवर चालणारं सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त मशीन काढलं. हौसेपुरतं आहे म्हणाला, थोडं चालवा, थोडं थंड होऊ द्या. मीही मोठ्या जाणकारीने विचारलं, "यात लाल रंग येतो का?" आला. तोच घेतला. मशीनला खांद्याचा पट्टा होता, तेव्हा विहीणबाई ते पर्ससारखं अडकवून बसमध्ये चढल्या. शेजारची बाई म्हणाली, "डबा मोठाय हो तुमचा." तर म्हणतात कशा, "खाणारी तोंडं जास्त आहेत."

मग साडी खोचून, चामडी मोजे चढवून, काळ्या काचेचं हेल्मेट घालून त्या फाटकापुढे बसल्या. वेल्डिंगची कांडी लोखंडाला चिकटली की सुटत नसे, आणि सुटली की तिथे भोक पडलेलं असे. शेवटी जो सांधा तयार झाला तो गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांसारखा दिसत होता. फाटक लागलं, पण उघडेना. नेमकं तेव्हाच मी ते "छान" बोलून बसले. त्यानंतर दिवाळीला चपलांचा स्टँड आला, संक्रांतीच्या वाणाला कुंडीचा. दरेक वस्तूला एका बाजूला कलण्याची खोड. मी तिच्या पायाखाली पुठ्ठा सारायची आणि पुन्हा कौतुक करायची. मुलगा वैतागून म्हणाला, "आई, एकदा तरी खरं सांग ना त्यांना." म्हटलं, "सासू तुझी आहे, तू सांग." त्याने मला पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा कापून दिला.

पुढे सुनेला मुलगी झाली. पाळणा आजोळचा. विहीणबाईंचा फोन आला, "विकतचा आणायचा नाही हं. माझ्या नातीचा पाळणा मी करतेय." बारशाच्या आदल्या दिवशी आमच्या दारात टेम्पोतून गुलाबी रंगाचा पाळणा उतरला. त्यांच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते आणि तोंडावर असा आनंद, की पाहवेना. सुनेने लेकीला छातीशी घट्ट धरलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी सांध्याकडे पाहिलं. तेच सांडगे, फक्त गुलाबी.

बाळाच्या आधी पाळण्यात कुंची घातलेला वरवंटा निजवायचा असतो. त्याला आम्ही गोप्या म्हणतो. मी म्हटलं, "विहीणबाई, गोप्याचा मान आजच करून घेऊ."

"उद्याचं उद्या करू की!"

"उद्या बायकांची गर्दी होईल."

वरवंटा निजवला आणि झोका दिला. दोन-तीन झोके बरे गेले. मग वरचा सांधा सुटला आणि गोप्या धाडकन जमिनीवर. फरशी तडकली.

"रंगामुळे झालं असेल," मुलगा म्हणाला. "टेम्पोत हिसका बसला असेल गं आई," सून म्हणाली. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती. पण माझी नजर त्या तडकलेल्या फरशीवरून हलेना.

"टेम्पोने काही केलं नाही," मी म्हटलं. "वेल्डिंग कच्चं आहे, विहीणबाई. फाटकाचंही कच्चंच होतं."

विहीणबाईंनी वरवंटा उचलला, त्याची कुंची सरळ केली, तो कोपऱ्यात नीट ठेवला. मी मनात म्हटलं, संपलं नातं. त्या खाली बसल्या, सुटलेला सांधा मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि मान वर न करता म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून मला 'चुकलीस' म्हणायला कुणी उरलं नाही हो. बसा अशा जवळ, आणि कुठे कुठे बिघडलंय ते बोट लावून दाखवा."