गुरुवारचा फोन

सोमवारी आमच्या संगणकाचा मदरबोर्ड बदलला आणि मंगळवारी सकाळी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडेना. हा संगणक आमच्याकडे नोंदलेला नाही, असं पडद्यावर आलं. वर्षाची वर्गणी भरून चारच महिने झाले होते.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मशीन नवरा बघतो. ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे. चाकणच्या एका कंपनीसाठी आम्ही चार फिक्स्चर्स करत होतो. फिक्स्चर म्हणजे पार्ट घट्ट धरून ठेवणारी चौकट. त्यात बसवून पार्टची भोकं जागेवर पडलीत का ते तपासतात. पहिलं पास झालं होतं. उरलेल्या तिन्हींत कंपनीने एका भोकाची जागा बदलली आणि सुधारलेलं ड्रॉइंग शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मागितलं. नाही मिळालं तर ती तीन दुसरीकडे जाणार होती. बदल दहा मिनिटांचा होता. फाइल माझ्याकडेच होती, फक्त उघडत नव्हती.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे तक्रार नोंदवली. संध्याकाळी उत्तर आलं, पडद्याचे फोटो पाठवा. पाठवले. बुधवारी दुसऱ्या कोणीतरी तेच फोटो पुन्हा मागितले. तेही पाठवले. मग निरोप आला की आमचे तज्ज्ञ उद्या दहा ते एकच्या दरम्यान तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन करतील, दोनदा उचलला नाही तर तक्रार बंद होईल.

उद्या म्हणजे गुरुवार. आमच्या औद्योगिक वसाहतीची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी आम्ही कामावर असतो. दवाखाना, बँक, पाहुणे, सगळं गुरुवारी. विजेच्या लायनीची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात, त्यामुळे त्या गुरुवारी दिवसभर वीज नसणार होती. हे सगळं मी लिहून कळवलं. लगेच उत्तर आलं : या पत्त्यावर आलेले निरोप वाचले जात नाहीत.

एक चूक मात्र माझी होती. कुठलाही फॉर्म आला की मी वर्कशॉपचा लँडलाइन नंबर लिहायची. मोबाइल दिला की खोलीत बसून धंदा करणारे वाटतो, लँडलाइन दिला की कारखाना वाटतो, असं इथे सगळेच मानतात. सॉफ्टवेअर घेतानाही मी तोच लिहिला होता. तो बदलायला अर्ज करायचा आणि अर्जाला तीन दिवस लागणार होते.

गुरुवारी सकाळी मी पुनावळ्याहून निघाले, तेव्हा नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "लाइट नाही तिथे. तू जाऊन करणार काय, आरती?"

"फोन उचलणार."

"मग जरा ओवाळूनही ये त्यांना."

माझा हिशेब साधा होता. यूपीएसवर संगणक पंधरा मिनिटं चालतो, इंटरनेट मोबाइलवरून घेता येतं. फोन येईपर्यंत संगणक बंद ठेवायचा. अर्धं शटर वर करून मी लँडलाइनजवळ बसले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोनदा चहा प्यावासा वाटला, पण टपरीवर गेले आणि तेवढ्यात फोन आला तर, म्हणून उठले नाही.

पाऊणला फोन आला. पलीकडच्या मुलीने हिंदीत सुरुवात केली आणि माझं हिंदी ऐकून आपण होऊन मराठीवर आली.

"मॅम, सिस्टीम चालू आहे ना?"

"करते. पण वीज नाही, माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत."

"वीज का नाही?"

"गुरुवार आहे म्हणून."

"गुरुवारी काय असतं, मॅम?"

मी सांगत बसले नाही. इंटरनेटवरून तिला पडदा दाखवण्यातच सहा मिनिटं गेली. मग म्हणाली, "आधी नवीन व्हर्जन टाकावं लागेल."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं फक्त."

"अगं, मी आत्ता काय सांगितलं तुला?"

"मॅम, मला समोर जे लिहून दिलंय, त्याच क्रमाने जावं लागतं. सॉरी."

यूपीएस ओरडायला लागला. तिलाही ऐकू गेलं असावं. पडदा काळा झाल्यावर ती खरंच हळहळली. तिच्यावर काय चिडणार? मी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी जुन्या ड्रॉइंगची आधीची प्रिंट कपाटातून काढली. बदललेलं माप लाल पेनने लिहिलं, शेजारी सही आणि तारीख टाकली. वर्कशॉपमध्ये आम्ही असंच काम करतो आणि भोक जागेवरच पडतं. साडेअकराला मी चाकणला कंपनीच्या इंजिनिअरसमोर उभी होते.

"ताई, हे काय? शाळेचा पेपर तपासून आणलात का?"

"माप वाचा ना. बरोबर आहे."

त्याने वाचलं. "बरोबर आहे हो. मला चालेल. पण फाइल चढवल्याशिवाय आमची सिस्टीम पुढे जात नाही. सोमवारपर्यंत थांबू का, असं वर विचारून बघतो."

तो खरंच विचारायला आत गेला. परत आला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं.

सोमवारी सॉफ्टवेअर सुरू झालं. कोणी काय केलं, कळलं नाही. नवरा म्हणाला, "सोडून दे हे, दुसरं घेऊ." मी म्हटलं, इतक्या वर्षांची ड्रॉइंग्ज त्यातच आहेत, ती दुसऱ्यात धड उघडत नाहीत. वर्गणीची वेळ आली की मीच भरणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पंधरा दिवसांनी मागच्या गल्लीतला एक वर्कशॉपवाला टेम्पोतून तीन प्लेट्स घेऊन आला. त्याचं ग्राइंडिंगचं मशीन बंद पडलं होतं. "वहिनी, एवढं करून द्या, परवा चाकणला द्यायचंय." ड्रॉइंग बघितलं. त्याच्या संगणकावर काढलेलं, स्वच्छ, लाल पेन कुठे नाही. भोकाचं माप मी लिहिलं होतं तेच.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी त्या माणसाला म्हटलं, "ठेवा तिकडे. उद्या संध्याकाळी घेऊन जा. परवा नको, परवा गुरुवार आहे."