हिरवा झालेला पाडा

चहा घ्या आधी, कारण माझा गाढवपणा ऐकताना पुढचा घोट घशाखाली उतरणार नाही. गणितातली डॉक्टरेट, आयुष्यभर कॉलेजात शिकवणं, आणि एवढं करून मी काय केलं? एका बाणाने सगळ्या पाड्यांचं पाणी तोडलं! हसायचं तर हसा. मला अजून जमलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी जव्हारला राहतो. मोखाड्यातल्या एका गावचा सरपंच माझा जुना विद्यार्थी. उन्हाळ्यात सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यांना टँकरने पाणी जातं. टँकर एक, पाडे पुष्कळ. जो फोनवर जास्त ओरडेल, त्याच्याकडे टँकर आधी. सरपंच म्हणाला, "सर, याला काहीतरी शिस्त लावून द्या."

मी फ्लोचार्टचं साधन शोधून काढलं. काँप्युटरवर चित्र काढायचं: चौकोनात काम, शंकरपाळीच्या आकारात प्रश्न, मध्ये बाण. चित्र पुरं झालं की स्क्रिप्ट आपोआप तयार होते आणि माणसाशिवाय चालते. माणसाशिवाय! इथेच मला शंका यायला हवी होती, नाही का?

बेत सोपा होता. पाड्याने मिस्ड कॉल द्यायचा, ड्रायव्हर सुभाषला निरोप जायचा, टँकर निघायचा. दोन चौकोन, एक बाण. शहाणा माणूस इथेच थांबला असता.

मला मात्र घोर लागला. चुकून कॉल लागला तर? टँकर घाट चढून गेला आणि विहिरीत पाणी असलं तर? लोक म्हणतील, म्हातारा कामातून गेला. म्हणून मी मध्ये एक शंकरपाळी घातली: "खरंच पाणी हवंय का?" लगेच विचारलं तर माणूस घाईत चुकेल, म्हणून प्रश्न जरा थांबून मेसेजने पाठवायचा. उत्तराला मुदत तासाभराची. 'होय' आलं तर टँकर. 'नाही' आलं तर "गरज नाही" हा चौकोन.

आणि उत्तरच आलं नाही तर?

तिसरा बाण लोंबकळत राहिला. लोंबता बाण असला की स्क्रिप्ट सुरूच होत नाही. सकाळभर मी त्याच्याकडे बघत बसलो. बायको, सुलभा, दारातून म्हणाली, "अहो, भात निवला. शंकरपाळ्या काढताय की तळताय?"

घाईघाईत मी बाण जवळच्या चौकोनाला जोडला. जवळचा चौकोन होता "गरज नाही".

मग प्रत्येक आकाराखाली खुलासा लिहिला, मोठा कागद छापून पंचायतीच्या भिंतीवर लावला आणि पाड्यांवरच्या बायकांना काठीने दाखवत समजावलं. "थेट ड्रायव्हरला फोन बंद. आणि उत्तर नाही, म्हणजे गरज नाही."

पुढे बसलेल्या सोमीबाईंनी विचारलं, "बोलला नाय, तं गरज नाय?"

"बरोब्बर!" मी खूश. पहिल्याच झटक्यात कळलं की!

आणि काय सांगता, स्क्रीनवर एकेक पाडा हिरवा व्हायला लागला. हिरवा म्हणजे गरज नाही. ऐन मे महिन्यात! मी सुलभाला हाक मारून दाखवलं.

"मे महिन्यात सूर्यमाळ हिरवं?" ती म्हणाली. "एकदा जाऊन तरी या."

"तुला डेटा कळत नाही," मी म्हणालो.

सरपंचाने माझा सत्कार ठरवला. शाल आली, नारळ आला. आणि सत्काराच्याच सकाळी सुभाषचा फोन आला.

"सर, टँकर भरून झाडाखाली बसलोय. निरोपच येत नाय. पयले लोक शिव्या तरी द्यायचे. आता शिवी पन नाय. मला भ्या वाटतंय."

सत्कार सोडून मी जीपने सोमीबाईंच्या पाड्यावर गेलो. विहिरीच्या तळाला चिखल. बायका दरीतल्या झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरत होत्या. सोमीबाईंची सून जनी तिथेच खडकावरून हंड्यासकट घसरली होती. पाय मोडून घरात पडली होती.

"अहो, कॉल का नाही दिलात?" मी सोमीबाईंना विचारलं.

"दिला ना, बाबा! रोज टेकाडावर चढून दिला. रेंज तिथंच हाय. कॉल देऊन खाली उतरायचं, झऱ्यावर जायचं. दुसऱ्या दिवशी चढलं का तुमचा कालचा प्रश्न यायचा. होय दाबला, तं 'मुदत संपली'."

"मग सुभाषला थेट फोन करायचा!"

"तुमीच बंद केला ना? आमी शिस्त नाय मोडली."

मी टेकाड चढलो. छाती फुटायची वेळ आली, पण सुभाषला फोन लावला. टँकर आला. हंडे लागले, भांडणं झाली, शिव्या ऐकू आल्या. शिव्यांनी इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मी दगडावर बसलो होतो, जीभ टाळूला चिकटलेली. सोमीबाई भरला तांब्या घेऊन समोर आल्या. "बाबा, पानी घेताव?"

घ्यावं का? ज्यांना आपण तहानलेलं ठेवलं, त्यांच्याच हातचं? नाही म्हणावं तर त्यांचा अपमान. हो म्हणावं तर निर्लज्जपणा. आधी जनीला नको का द्यायला? मी विचार करत राहिलो.

सोमीबाईंनी जरा वाट पाहिली आणि तांब्या शेजारच्या म्हातारीच्या हातात दिला.

"सोमीबाई, मला..."

"टायमात बोलला नाय," त्या शांतपणे म्हणाल्या, "तं गरज नाय."