शाळा दाखव बरं

हिंगणघाटच्या स्टँडवर गिरडकडे जाणारी एसटी लागली होती. मी खिडकीची जागा धरून बसलो होतो. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि शेजारच्या वहिनींनी बळेच कोंबलेला डबा. तेवढ्यात फोन वाजला. आमची मुलगी वर्षा वर्ध्याच्या दवाखान्यात आईजवळ थांबली होती. ती नुसतं "बाबा" म्हणाली आणि पुढं काही बोललीच नाही. मला वाटलं, रेंज गेली. मी आपला "हॅलो, हॅलो" करत राहिलो... कंडक्टर आला, "काका, कुठचं देऊ?" म्हणाला आणि मला गावाचं नाव आठवेना. ज्या गावाला गेली चाळीस वर्षं जावई म्हणून जातोय, त्याचं नाव. तो बिचारा दोनदा विचारून पुढं गेला. मी खाली उतरलो. गाडी माझ्यासमोरून निघून गेली आणि मी डबा हातात घेऊन स्टँडवर उभा. माझी बायको, नलिनी, आमची नलू, गेली होती.

तिनंच मला पाठवलं होतं, हे लोकांना सांगितलं की लोक मान हलवतात. म्हणतात, बाईमाणसाला कळतं, नवऱ्यासमोर जायचं नव्हतं तिला. मला या बोलण्याचा फार राग येतो. नलू असल्या नाटकांतली नव्हती. आदल्या दिवशी दुपारी ती उशीला टेकून बसली होती, डोळे पिवळे, हाताला सलाइन, आणि सुई टोचायला आलेल्या सिस्टरला विचारत होती, "कोन्या शाळेत होती वं तू?" सिस्टर देवळीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची निघाली, तर हिला आपलीच पोरगी पास झाल्याचा आनंद. सिस्टर बाहेर गेल्यावर नलू मला म्हणाली, "अहो, उद्या माह्या शाळेत जाऊन या ना. एखाद्या लेकराले म्हना, शाळा दाखव बरं. आन ते पयले काय दाखवते, ते मले येऊन सांगा. मन राखाले खोटं नोका सांगू, मले समजते." मी म्हटलं, तू बरी हो, दोघं जाऊ. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आधी जाऊन तर या."

हे "शाळा दाखव" काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. नाहीतर नलू कोण होती, हे कळायचं नाही.

आमचं घर कापडवाल्यांचं. आजोबांपासून मोजपट्टी धरूनच मोठे झालेलो आम्ही, आणि त्या घरात ही गिरडकडच्या शेतकऱ्याची पोर मास्तरीण होऊन आली. आमच्या आईला ते काही पटलं नव्हतं. "दुकानात काम कमी हाय काय, का सून खडू घासाले जाते?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. नलू ऐकून घ्यायची, पदर खोचून स्वयंपाक उरकायची आणि वेळेवर शाळेत पोचायची. पुढं ती केंद्रप्रमुख झाली, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारी. आणि मग एका वर्षी जिल्ह्याच्या कचेरीनं काही शिक्षकांवर काम सोपवलं, की तालुक्या-तालुक्यांतल्या शाळा बघायच्या आणि कोणता तालुका कुठं आहे ते ताडून सांगायचं. आर्वी पुढं की हिंगणघाट, समुद्रपूर मागं का, कारंजा कसा वर आला, असं. बाजारपेठेच्या सुट्टीच्या दिवशी दुकान बंद. त्या दिवशी मी तिचा ड्रायव्हर. स्कूटरवर मागं बसून तिनं मला अर्धा जिल्हा दाखवला, आणि तोही शाळांच्या फाटकाबाहेरून.

पहिल्या एक-दोन शाळा बघून ती वैतागून बाहेर आली. म्हणाली, सगळीकडे तेच. भिंती रंगवलेल्या, फुलांचा गुच्छ तयार, हुशार पोरं पुढं बसवलेली, आणि तीच तीच कविता. मी आपलं दुकानदाराच्या अकलेनं म्हटलं, "नलू, तागा वरच्या पदरावरून घेत नाहीत. खालचा पदर काढायला लावतात." पुढच्या शाळेत गेली ती थेट मागच्या रांगेत टाटपट्टीवर जाऊन बसली, आणि शेजारच्या लेकराला म्हणाली, "मले तुही शाळा दाखव बरं." बस्स. मग ते लेकरू पुढं आणि ही मागं. ते जे पहिल्यांदा दाखवेल, ती ती शाळा.

आर्वीकडच्या एका शाळेचं छप्पर गळत होतं, कागदावर तिला फारसे गुण मिळाले नसते. तिथल्या पोरीनं नलूला ओढत एका भिंतीपाशी नेलं. भिंतीवर साऱ्या पोरांच्या उंचीच्या खुणा. "हे मी पयलीत. हे मी आता. बाई दरसाल मोजते." दुसरी शाळा रस्त्यावरची, मोठी, टीव्ही लावलेली, कागदावर एक नंबर. तिथल्या पोरानं आधी नेलं ते सरांच्या नव्या गाडीकडे, आणि बजावलं, "याले हात नाई लावाचा, सर मारते." आणखी एका ठिकाणी एकानं प्रामाणिकपणे कुंपणातलं भगदाड दाखवलं, "इथून पयता येते." स्कूटरवर हे सगळं ती माझ्या कानाशी ओरडून सांगायची, आणि मी हसता हसता खड्ड्यात गाडी घालायचो.

मग व्हायचं तेच झालं. मास्तरलोकांचं नेटवर्क सरकारच्या नेटवर्कपेक्षा जोरात चालतं. बाई येतात, मागच्या रांगेत बसतात, मागच्या पोराला विचारतात, ही बातमी आमच्या स्कूटरच्या आधी पोचायला लागली. एका गावात मुख्याध्यापकांनी काय करावं? सगळी हुशार पोरं मागं नेऊन बसवली, आणि ज्यांना काही येत नाही ती पहिल्या रांगेत. नलूनं आत पाऊल टाकलं, एकदा वर्गाकडे पाहिलं आणि थेट पुढंच मांडी घातली. पुढच्या पोरानं उठून तिला आधी दाखवला तो फळा. "हे पाहा बाई, फळा. इथून सप्पा दिसते, सगळं!" बाहेर येऊन ती इतकी हसली की तिला स्कूटरवर चढता येईना. "अहो, त्या लेकराले पयल्यांदा फळा जवळून दिसला हो!" आणि मग थोड्या वेळानं, हसू ओसरल्यावर, पाठीमागून हळूच म्हणाली, "कोनी चुकून बसवलं तवा दिसला."

शेवटी कचेरीत बैठक झाली. साहेबांना क्रम हवा होता, पहिला तालुका, दुसरा, तिसरा. ही उभी राहिली. तिनं रात्री जेवताना मला जसंच्या तसं सांगितलं होतं, "मी म्हनलं, साहेब, आर्वी न् हिंगणघाट शेजारी उभे करून उंची मोजाची असन त मोजा. पन एकाच तालुक्यातल्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक हाय, आन मधात अंतर एका नाल्याचं. तालुका थोडाच शिकते? लेकरू शिकते." साहेबांनी चहा मागवला, असंही तिनं सांगितलं. क्रम लागायचा तो लागलाच.

पण त्या फिरण्यातली एक शाळा राहिली सांगायची. तीच खरी. तिच्या माहेरची.

गिरडच्या टेकडीवरचा दर्गा जिथून दिसतो अशा जागी ती शाळा आहे. नलू तिथंच बाराखडी शिकली. त्या दिवशी मीही आत गेलो होतो, जावईबापू म्हणून. मागच्या रांगेतल्या एका पोराला तिनं विचारलं. ते उठलं, वर्गातून बाहेर पडलं, अंगण ओलांडलं आणि फाटकापाशी जाऊन थांबलं. समोरून शेजारच्या मोठ्या गावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी बस चालली होती. त्यानं बोट केलं. "ते शाळा चांगली हाय. इथं काय दाखवू?"

नलूनं जे पाहिलं तेच लिहिलं. माहेर म्हणून एक शब्द गोड केला नाही. आणि ज्या शाळेत पोरं कमी, तिच्या डोक्यावर तेव्हाही टांगती तलवार होतीच, की बंद करायची आणि लेकरांना लांबच्या शाळेत धाडायचं. गावाला वाटलं, नलूनंच दोर कापला. तिचा थोरला भाऊ वसंता अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "माहेरचं खाल्लेलं इसरली काय वं? गावची शाळा बंद पाडाले आली?" ती म्हणाली, "दादा, चांगली हाय म्हनून लिवलं असतं, त कोनी मास्तर धाडला असता का इथं?" वसंता आत निघून गेला. आम्ही चहा न घेता निघालो. वाटेत तिनं कपाळ माझ्या पाठीला टेकलं आणि गाव मागं पडेपर्यंत माझ्या शर्टाची पाठ भिजली होती. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी वसंतानं राखीला हात पुढं केला नाही.

मास्तर मात्र आला. तरुण होता, मनापासून शिकवणारा. आणि निवृत्त झाल्या झाल्या नलूनं दर आठवड्याला तिथं जायला सुरुवात केली. पगार नाही, हुद्दा नाही. मागच्या रांगेत बसायचं आणि ज्या पोराला वाचता येत नाही त्याला कुशीत घेऊन वाचायला लावायचं. गुडघे तिचे तेव्हाच गेलेले, खाली बसणं जमेना. मग मी दुकानातल्या कटपीसचे तुकडे जोडून तिला एक गादी शिवून दिली. लाल, निळा, फुलाफुलांचा, कुठं चौकडीचा तुकडा. "शोभते काय हे शाळेत?" म्हणून तिनं नाक मुरडलं, आणि तीच गादी तिथं ठेवून आली. तिच्या मनात एकच होतं... एकदा तरी त्या शाळेतल्या लेकरानं फाटकाकडे न नेता काहीतरी दाखवावं. तिनं स्वतः मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. मी म्हणायचो, विचार की. म्हणायची, "मले वयखते आता ते लेकरं. माह्यासाठी दाखवतीन."

मग दुखणं आलं. पोटाचं. ती अंथरुणाला लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कणीक मळली. माझी पहिली पोळी एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं कच्ची आणि आकारानं काय होती ते देव जाणे. मी चिडून तवा आपटला. तिनं ती पोळी तोडून वरणात भिजवली, खाल्ली आणि शाळेत बोलावं तशा सुरात म्हणाली, "पयल्या दिवशी कोनालेच येत नाई." त्या काळात ती दोनच घास खायची. ती पोळी तिनं पूर्ण खाल्ली होती.

तिच्या तेराव्याला वसंता आला होता. एका कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. जाताना एवढंच म्हणाला, "शाळा चालू हाय जावईबापू. यंदा तरी चालू हाय." पुढच्या वर्षाचं कोण सांगणार?

घरात मला आता काही सुचत नाही. दुकान वर्षाचा नवरा येऊन-जाऊन बघतो. मी ओट्यापाशी उभा राहतो, चहाला दोन कप काढतो, एक परत ठेवतो. लोक म्हणतात, सवय होईल. कशाची सवय? ती नसण्याची सवय मला नकोच आहे. पण तिनं सांगितलेलं एक काम राहिलं होतं, ते टोचत होतं. उत्तर आणायला गेलो तर ते ऐकायला कोण आहे, म्हणून जाववतही नव्हतं. शेवटी मागच्या आठवड्यात त्याच स्टँडवरून तीच एसटी धरली. या खेपेला कंडक्टरला गावाचं नाव सांगता आलं.

मास्तरांनी खुर्ची दिली. मी नको म्हटलं. मागच्या रांगेत दोन वेण्यांची एक पोरगी बसली होती, तिच्यापाशी गेलो. ती मला ओळखत नव्हती. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून म्हटलं, "बेटा, मले तुही शाळा दाखव बरं."

ती उठली. मी दाराकडे पाहिलं, दारातून पलीकडे ते फाटक दिसत होतं. पण ती दाराकडे गेलीच नाही. वर्गाच्या कोपऱ्यात गेली आणि खाली बोट केलं. लाल, निळी, फुलाफुलांची, चौकडीची. गादीचा एक कोपरा उसवला होता, तो कुणीतरी पांढऱ्या दोऱ्यानं वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवला होता.

"हे बाईची गादी," ती म्हणाली. "ज्याले एक पान न अटकता वाचता येते, त्याले दिवसभर हिच्यावर बसाले भेटते. काल मी होती."

मी खाली वाकून हात लावायला गेलो, तर तिनं मला थांबवलं. नियम म्हणजे नियम. धावत जाऊन पुस्तक आणलं, मधलं पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. "आधी वाचा. मंग बसा."

मोठी मोठी अक्षरं होती, लहान पोरांच्या पुस्तकात असतात तशी. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला. पहिलं अक्षर धरायला गेलो की ते पाण्यात गेल्यासारखं हलायचं. एक शब्द... एक शब्दही बाहेर येईना. ती पोरगी बराच वेळ थांबली. मग तिनं पुस्तक हळूच माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या आजोबा," ती म्हणाली. "पयल्या दिवशी कोनालेच येत नाई."

नलू, जाऊन आलो. पोरीनं पहिल्यांदा गादी दाखवली. मन राखायला सांगत नाही, खरंच तीच दाखवली. मला मात्र अजून तिच्यावर बसायला मिळालेलं नाही.