दुसरा डबा

निरंजनला दोघांनी फसवलं. एक, पावडर विकणारा. दुसरा मी.

गेल्या महिन्यात लिमरिकच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली, त्यात तो गेला. त्याच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी माझ्या किराणा दुकानात एका घाऊक व्यापाऱ्याशी तांदळाच्या भावावरून भांडत होतो. ते भांडण अर्धंच राहिलं...

निरंजन मूळचा पुण्याचा, इथे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरातल्या औषध कारखान्यात तपासनीस. नमुना पाहिल्याशिवाय एक पिंप पुढे जाऊ द्यायचा नाही. रविवारी मात्र हौशी संघातून बेसबॉल खेळायचा. चेंडू फेकणं त्याचं काम. क्रिकेट सोडून हे काय, म्हणून मी चिडवायचो. “शेठ, इथे टप्पा नाही, सबबही नाही,” म्हणायचा. चिकचिकत्या मैदानाकडेला प्रेक्षक म्हणून मी, मेधा आणि कुणाचं तरी कुत्रं. अमेरिकेत एखादा व्यावसायिक खेळाडू उत्तेजकं घेतल्याबद्दल निलंबित झाला, की हा माझ्या काउंटरवर कोपर टेकून तावातावाने बोलायचा. “प्रत्येक जण म्हणतो, मला माहीत नव्हतं. अरे, शरीर तुझं, मग माहीत कुणी करून घ्यायचं?” बोलता बोलता टोपलीतला कांदा उचलून त्यावर दोन बोटं रोवायचा, चेंडूच्या शिवणीवर रोवावीत तशी.

त्याचा खांदा दुखायला लागला तेव्हा ताकदीची पावडर मीच आणली. दोन डबे घेतो म्हणून भाव पाडला. एक त्याला, एक मला. “तू आणलायस ना?” म्हणाला आणि झाकण उघडलं. रोज पिंपं तपासणाऱ्या माणसाने फक्त मी दिलेला डबा तपासला नाही.

पुढे खेळाडूंची उत्तेजक चाचणी झाली. लेबलवर नसलेलं द्रव्य त्याच्या नमुन्यात सापडलं. त्याच लॉटचा सीलबंद डबा मिळाला, तर दोष आधीपासूनच आत होता हे दाखवता आलं असतं. तो दुकानात आला. “तुझा डबा बंदच आहे ना रे?”

त्या आठवड्यात माझ्या दुकानाची तपासणी होती. हॉटेलात भांडी घासून उभं केलेलं दुकान... डबा दिला तर कागदावर माझंही नाव आलं असतं, ते नको होतं.

“फेकला,” मी म्हणालो.

माझ्याकडे क्षणभर पाहून तो म्हणाला, “ग्रँड.” इथली माणसं काहीच ठीक नसताना म्हणतात, तसं.

सुनावणीत त्याला विचारलं, डबा कुठून आला? “मी घेतला. तपासला नाही,” एवढंच म्हणाला, असं मेधाने नंतर सांगितलं. माहीत नव्हतं, हे त्याने म्हटलंच नाही. दोन वर्षांची बंदी आली. संघाबरोबर सरावही बंद. रविवारी तो कुंपणाबाहेर उभा राहायचा, हात खिशात. माझ्याकडे यायचा मात्र थांबला नाही, आणि कांद्यावर बोटं रोवणंही थांबलं नाही. गाडी घसरली तेव्हा बंदी संपायला चार महिने उरले होते.

आता कांद्यांची टोपली भरताना माझीच दोन बोटं तशी रोवली जातात. काउंटरवर कोपर टेकायला कुणी नसतं.

दुकानामागच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, पोह्यांच्या पुड्यांमागे, तो डबा अजून आहे. काल खाली काढला. सील शाबूत आहे. तो माझ्या नावानिशी तपासायला देतोय. ज्याने विकला त्याने समोर येऊन सांगावं, आत काय भरलं होतं. आणि सुनावणीला बसलेल्यांनी ती खोली पुन्हा उघडावी, तोच प्रश्न पुन्हा विचारावा. डबा कुठून आला?

या वेळी मला विचारा.