मावशीचा ओरडा

मावशीचा आवाज गेला तेव्हा तिच्या वर्गाची परीक्षा तोंडावर आली होती. घराच्या पुढच्या खोलीत ती बायकांना वेबपानं बनवायला शिकवायची. कुणी दवाखान्यात पावत्या फाडणारी, कुणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला बसलेली, कुणी शिवणकाम करणारी. पास झाल्या तर नोकरीची आशा होती. आणि डॉक्टरांनी गळ्याची शस्त्रक्रिया करून वर दम भरला होता, महिनाभर कुजबुजायचंसुद्धा नाही.

मी तेव्हा एम.ए. करायला तिच्याकडे राहत होते. काका म्हणाले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला बोलायला मिळतंय. दोन दिवसांत त्यांचे विषय संपले.

वर्ग बंद करावा असं सगळ्यांचं मत पडलं. शिंपीणताईंनी तर खांद्यावरची पिशवी न उतरवताच सांगितलं, की बाईंचा ओरडा कानावर पडल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, मी पुढच्या वर्षी बघते. मावशीने पाटीवर लिहिलं, 'सोमवारपर्यंत कळ काढा.'

मग तिने सगळे धडे एका वेबपानावर चढवले. कोडच्या प्रत्येक नमुन्यात तिने मधेमधे टिपा घातल्या. अशी टीप ब्राउझर दाखवत नाही, कोड वाचणाऱ्यालाच दिसते. लोक त्यात कोरडी माहिती लिहितात. मावशीने मात्र फळ्यापाशी उभी राहून ती जे ओरडली असती तेच लिहिलं.

सोमवारी सगळ्यांनी पान उघडलं. बटणाचा कोड हवा तिथे नुसतं बटण होतं. तक्त्याच्या कोडच्या जागी तयार तक्ता. टिपा तर नावालाही नव्हत्या.

"बाई," शिंपीणताई म्हणाल्या, "हा शिवून झालेला सदरा. मला कापड कसं बेतायचं ते बघायचंय."

मावशीने कपाळावर हात मारला. इतकी वर्षं ती फळ्यावर शिकवत आली होती. खडूने काढलेला कोड खडूचाच राहतो. ब्राउझर मात्र फार आज्ञाधारक. टॅग म्हणजे कोडमधला हुकूम, एकदा उघडला की बंदही करावा लागणारा. त्याची सुरुवातीची टोकदार खूण, मावशी तिला चोच म्हणायची, दिसली रे दिसली की तो हुकूम समजून कामाला लागतो. चोच नुसती दाखवायची असेल तर तिच्याऐवजी अँडचं चिन्ह, मग एल, टी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं.

दुपारभर ती एकेक चोच बदलत बसली. सुटलेल्या मी शोधून देत होते. मग प्रत्येक नमुना तिने कोडच्या टॅगमध्ये आणि त्याभोवती प्रीच्या टॅगमध्ये ठेवला. प्री नसेल तर ओळी एकमेकींना चिकटतात, ओळीआधीच्या मोकळ्या जागा गिळल्या जातात. कवितेची ओळ कुठे मोडते यावर मी तेव्हा प्रबंध लिहीत होते. दोन रिकाम्या जागांसाठी असं जीव तोडून भांडणारं माणूस मला ग्रंथालयात भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिंपीणताईंनी उभ्यानेच पान उघडलं. कोड पायरी-पायरीने आत सरकत उतरला होता, आणि मधे, करड्या अक्षरांत, टीप होती. त्यांनी ती मावशीच्याच सुरात, कमरेवर हात ठेवून वाचली.

"उघडलेला टॅग बंद कोण करणार? शेजारीण येणार आहे का?"

खोली हसली. मावशीही हसली, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. शिंपीणताईंनी पिशवी खुंटीला अडकवली आणि खुर्ची पुढे ओढली.

मावशीचा आवाज परत आला, पण घोगरा, पूर्वीसारखा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू न जाणारा. निकालानंतर शिंपीणताई आपलं पहिलं पान दाखवायला आल्या. पानावर नुसतेच सदऱ्यांचे फोटो. पान नको, त्यामागचा कोड उघडा, म्हणाल्या. मावशीने उघडला. अगदी तळाशी टीप होती. मावशीने ती मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग काकांना हाक मारून पुन्हा एकदा.

"बाई, टॅग मीच बंद केलाय. शेजारीण आली नव्हती."