साळवे काकांची ड्यूटी अजून चालू आहे

नाही, साळवे काका 'उपलब्ध' नाहीत.

गेलेत ते. काल दुपारी. अजून कितीदा सांगू?

ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. छान. पण ड्यूटीतून त्यांचं नाव काढायला एकालाही जमलं नाही.

बाकीच्यांसाठी सांगतो. आमची कंपनी डेअरीवाल्यांचे चिलर दुरुस्त करते. वाळूजला वर्कशॉप. दर आठवड्याला एका मेकॅनिकची इमर्जन्सी ड्यूटी.

आधी हे चहावर ठरायचं. ईदला सलीमभाईची ड्यूटी काका करायचे, चौदा एप्रिलला काकांची सलीमभाई.

"तू मेरा देख, मैं तेरा देखता." विषय संपला.

मग वरून हुकूम आला. ड्यूटीचं शेड्यूल तक्रारीच्या सिस्टिमला जोडलं. आता तक्रार आली की तिकीट उघडतं आणि ज्याची ड्यूटी, त्याच्याच मोबाईलवर गिऱ्हाईकाचा फोन जातो. थेट.

ड्यूटी बदलायची तर ज्याची आहे त्यानंच मोबाईलच्या ॲपवर स्वतःचा अंगठा लावून 'मान्य' करायचं.

ट्रेनिंगला काका मागच्या खुर्चीवरून ओरडले होते, "विद्यापीठाचं नाव बदलायला आम्ही लाठ्या खाल्ल्या. इथं बदलायला कुणाच्या खायच्या, सर?"

सगळे हसले. सर नाय हसले.

हा आठवडा काकांचा होता.

आज सकाळी त्यांच्या घरी त्रिशरण-पंचशील चालू अन् त्यांचा मोबाईल वाजला. काकूंनी उचलला.

"साळवे साहेब का? बिडकीनहून बोलतोय. चिलर बंद पडलंय."

"ते वारले, भाऊ."

थोड्या वेळानं लासूर स्टेशनहून.

"ते वारले, भाऊ."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "तू बोल रे. मला नाय होत आता."

मी बाहेर येऊन मॅनेजर सरांना फोन लावला.

"अरे, स्वॅप रिक्वेस्ट टाक ना."

"टाकली. मान्य कोण करणार?"

"मग त्यांची रजा टाक."

"कारण काय निवडू सर? आजारी, घरगुती, का प्रशिक्षण?"

"तुला ना, सगळ्याची गोष्ट करायची सवय लागलीय. सोमवारी बघू."

सोमवारी!

तोवर त्या बाईनं प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत बसायचं, माझा नवरा मेला म्हणून?

आत जाऊन म्हणालो, "काकू, मोबाईल बंदच करून टाकतो."

"अन् बिडकीनवाल्याचं दूध? नासू द्यायचं का?"

"मग काय करू? त्यांचं नाव निघंना झालंय ओ."

काकू पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या.

"नाव काढायला कुणी सांगितलं तुला? एक नाव लावायला किती वर्षं रस्त्यावर होतो आम्ही दोघं. राहू दे नाव. त्याच्या खाली तुझा नंबर टाक."

नंबर बदलायला ना अंगठा लागत, ना कुणाची मंजुरी. काकांच्या मोबाईलवरून एका मिनिटात झालं.

एवढी मोठी सिस्टिम. तिच्यात हे भोक.

सलीमभाई लासूरला गेलेत. मी बिडकीनला निघालोय. हत्यारांची पेटी काकांचीच घेतलीय, लई जड आहे.

कुणी विचारलं, "साळवे साहेब का?" तर "व्हय" म्हणणार आहे.

तुमचा आठवडा आम्ही करतो, काका. जयभीम.

अन् सर, खाली कमेंट टाकू नका. वाचणार नाही.

फोन वाजतोय. निघालो.