कोटाच्या आतली बाजू

गल्लीच्या तोंडाशी चाव्या करणाऱ्याचं दुकान, त्याच्या शेजारी घड्याळजी, आणि दोघांच्या मधल्या जिन्यानं वर गेलं की उजव्या हाताची खोली रफूताईची. तिचं खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ, आणि बोलायला लागली की समोरच्यानं निमूट खुर्ची ओढून घ्यावी अशी. पण सुई हातात आली की तिचं तोंड मिटायचं. सुई ओवण्याआधी ती देवाचं नाव घ्यायची, तेही ओठांतल्या ओठांत. धागा पहिल्या खेपेला नेढ्यातून गेला तर श्रेय देवाचं, नाही गेला तर दोष चष्म्याचा, अशी तिनं साधी वाटणी करून टाकली होती.

दुपारी खिडकीतून ऊन तिरकं आत यायचं आणि जमिनीवरून हळूहळू तिच्या मांडीपर्यंत चढायचं. त्या उजेडात लोकांचे कपडे तिच्यापुढे पडलेले असायचे. सिगारेटनं भोक पडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, कुणाच्या आईची कसर लागलेली लोकर. ती त्याच कापडाच्या दुमडीतून धागा उपसायची आणि भोकावर उभे-आडवे धागे विणत बसायची. अशा वेळी आपण खोलीत आहोत की त्या कापडात, हे तिचं तिलाच कळायचं नाही. खालून घड्याळजीकडची टिकटिक यायची, प्रत्येक घड्याळाची वेळ वेगळी.

पलंगावर बाबा असायचे. वय शहाऐंशी, दृष्टी गेलेली, बोटं मात्र शाबूत. हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. काम झालं की ती कापड त्यांच्या हातात द्यायची आणि ते अंगठ्यानं चाचपायचे.

"इथे ओढलंस."

"कुठे ओढलं? उगाच काहीतरी."

"वळणावर. वळताना धाग्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची. किती वर्षं सांगतोय?"

हा त्यांचा मंत्र होता. धागा भोकाच्या कडेला पोचून माघारी वळतो तिथे केसाएवढा फास सैल सोडायचा, म्हणजे धुतल्यावर कापड आवळलं तरी रफू चुरगळत नाही. असे सैल फास पुष्कळ जण सोडतात, पण या घराची रीत जरा निराळी होती. एका कडेचे फास सोडायचे आणि समोरच्या कडेचे नाहीत. बाबांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. त्यांना कुणी शिकवलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि त्या वडिलांवरूनच त्या आठवड्यात फोन खणखणत होता.

तिचा चुलत-चुलतभाऊ वकील होता. घरात सगळे त्याला वकीलदादा म्हणत, बायकोही म्हणायची. निवृत्त झाल्यावर त्यानं घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. एका मोठ्या कागदावर झाड, फांद्या, प्रत्येकाला एक चौकट, चौकटीत नाव आणि एक ओळ. त्याचे आजोबा म्हणजे थोरले भाऊ, त्यांना युद्धात पदक मिळालेलं. रफूताईचे आजोबा धाकटे. तेही त्याच युद्धावर गेले होते. चार वर्षांनी परतले ते पदक नाही, कागद नाही, फक्त अंगावर एक जाड लोकरी कोट घेऊन. लोकांनी विचारलं, किती मारले? ते म्हणाले, "मी एकही गोळी झाडली नाही." त्यापुढे अवाक्षर नाही. मग गल्लीत सुई घेऊन बसले आणि मरेपर्यंत बसून राहिले. बंदुकीला भ्याला आणि सुईला चिकटला, असं भावकीनं ठरवून टाकलं.

"हे बघ, मी काही मनचं लिहीत नाही," वकीलदादा फोनवर म्हणाला. "आमच्या आजोबांनी स्वतः सांगितलंय. 'युद्धातून पळून आले.' एवढीच ओळ."

"लिहायलाच हवी का?"

"झाड म्हटलं की एखादं पान वाळकं असतंच, ताई. पुरावा असेल तर दे. रविवारी कागद छापायला जाणार. नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नकोस."

तिनं फोन ठेवला. बाबांनी सगळं ऐकलं होतं. डोळे गेल्यापासून त्यांचे कान फार लांबवर जात.

"शाळेत मला पळपुट्याचा म्हणायचे," ते म्हणाले. "मी वडिलांना एकदाच विचारलं. ते नुसते हसले. मला त्या हसण्याचा फार राग आला होता." मग म्हणाले, "पळाला असेल तर पळाला. पण खरं काय ते मला कुणीतरी कागदावरून वाचून सांगावं. मग मी सुखानं जाईन."

"जायची कसली घाई लागलीय? आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

सैन्याच्या जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात अर्ज तिच्या भाचीनं महिन्याभरापूर्वीच, वंशावळीचं कानावर आल्यावर, केला होता. कोटाच्या कॉलरच्या आत एक शिक्क्याचा नंबर होता. आजोबांचा म्हणून तो नंबर घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. बाबांना तर पाठच होता. भाचीनं तोच अर्जात टाकला. शुक्रवारी उत्तर आलं. त्या नंबरचा शिपाई निराळ्याच नावाचा होता, आणि तो युद्धाच्या दुसऱ्या वर्षीच मारला गेला होता. आजोबांच्या नावाचा शिपाई यादीत नाही.

भाचीनं कागद दोनदा वाचला. "आत्या, म्हणजे हा कोट..."

"हळू बोल."

"मेलेल्या माणसाचा?"

पळपुटा होता, आता त्याला चोरही जोडला गेला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते तसेच पडून राहिले.

दुपारी रफूताईनं ट्रंकेतून कोट काढला. बाबांनी तो आयुष्यभर ना वापरला, ना टाकला, ना कुणाला उघडू दिला. जड होता. धूर आणि जुनी लोकर यांचा वास होता त्याला, आणि खाली कुठेतरी पावसात भिजलेल्या मातीचा. तिनं तो खिडकीशी धरला. ऊन लोकरीतून गाळून येऊ लागलं, आणि पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, नाण्याएवढी जागा तिला दिसली, जिथे उजेड किंचित वेगळा पडत होता.

बोटाला लागत नव्हतं. डोळ्याला तर नाहीच. इतकं बेमालूम काम तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि तिनं पुष्कळ पाहिलं होतं.

देवाचं नाव घेऊन तिनं अस्तराची शिवण चार बोटं उसवली आणि कोट आतून उलटा केला. आतल्या बाजूला रफूची कड उघडी होती. वळणावर केसाएवढे सैल फास, ओळीनं, एका कडेला. समोरच्या कडेला नाहीत.

ती किती वेळ तशी बसली कोण जाणे. खालची घड्याळं चालत होती आणि तिला वाटत होतं, आपल्याच जागी कुणीतरी दुसरं बसलंय. तरुण, वीस-बावीस वर्षांचं, थंडीनं बोटं आखडलेलं, सुईच्या नेढ्यावर डोळा रोखून. त्याच्यामागे कोटांचा ढीग. तोंडातून वाफ. ते ना वर बघत होतं, ना काही बोलत होतं.

शनिवारी सकाळी ती कोट पिशवीत घालून त्या कार्यालयात गेली. लांबलचक खोली, लोखंडी कपाटं, वर पंखा नुसता लटकलेला. टेबलाशी एक पोक्त कारकून बसले होते. बाह्यांना कोपरापासून मनगटापर्यंत काळ्या कापडाच्या खोळी, आणि एका खोळीला भोक. तिची नजर आधी त्या भोकावर गेली.

"उत्तर पाठवलंय बाई तुम्हाला," ते म्हणाले. "नाव नाही यादीत. नसलेलं नाव मी कुठून आणू?"

"नाव नका आणू. एक विचारायचंय."

"विचारा."

"लढाईत माणूस मेला की त्याच्या अंगावरच्या कोटाचं काय व्हायचं?"

कारकुनांनी चष्मा काढला. "चांगला असेल तर परत पाठवायचे. थंडी असायची, कोट पुरत नसत. धुवून, दुरुस्त करून दुसऱ्याला द्यायचे."

"दुरुस्त कोण करायचं?"

ते बोलायला गेले आणि थांबले. मग चष्मा परत घातला. "ते शिपायांच्या यादीत नसतात. आचारी, धोबी, न्हावी, शिंपी, यांचं बाड वेगळं. ते कुणी मागतच नाही." खुर्ची सरकवून ते उठले. "माझ्याही लक्षात आलं नाही. शिपाई म्हणून शोधायला सांगितलंत, मी शिपाई शोधला."

"आम्हीही शंभर वर्षं तेच करतोय," ती म्हणाली.

बाड आणायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर ती पंख्याकडे बघत मनातल्या मनात नामस्मरण करत बसली. मग टेबलावर धूळ उडाली, पानं उलटू लागली, आणि कारकुनांचं बोट एका ओळीवर थांबलं. आजोबांचं नाव. त्यांच्या वडिलांचं नाव. काम, कपडे दुरुस्ती. भरती झाल्याची तारीख, सुटका झाल्याची तारीख, मध्ये चार वर्षं, एकही गैरहजेरी नाही. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात, 'सुटताना एक जुना कोट मागून घेतला.' आणि पुढे तोच नंबर.

"हाच कोट का मागितला असेल?" तिनं विचारलं.

"ते इथे लिहिलेलं नाही, बाई."

तिनं पिशवीतून कोट काढून त्यांना आतली बाजू दाखवली. त्यांनी गोळी शिरलेल्या त्या जागेवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, जणू ते ओलं होतं. नक्कल करून देताना त्यांनी शिक्का दोनदा मारला, एक पुसट उमटला म्हणून. निघताना ती म्हणाली, "ती खोळ काढा. दहा मिनिटांचं काम आहे." आणि तिथेच बाकावर बसून तिनं ती खोळ सांधून दिली.

घरी आल्यावर तिनं नक्कल बाबांना वाचून दाखवली. एकदा. मग त्यांनी सांगितलं म्हणून पुन्हा. मग कोट त्यांच्या गुडघ्यांवर ठेवला आणि त्यांचा अंगठा धरून त्या जागी नेला. अंगठा कडेनं फिरला, सैल फासांशी थबकला, परत मागे आला.

मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

"तिथे रणात त्याला या रंगाचा धागा कुठून मिळाला?"

ती कोटाची खालची दुमड चाचपू लागली. एका जागी दुमड आतून विरळ लागत होती. मधले धागे एकेक करून, कापडाला कळू न देता उपसलेले. तिनं त्यांचं बोट तिथे ठेवलं. "कोटाचाच आहे, बाबा. खालून काढलाय."

"हं," ते म्हणाले. "मग बरोबर." आणि हसले. तिनं आपल्या आजोबांना कधी पाहिलं नव्हतं, पण बाबांना लहानपणी ज्या हसण्याचा राग आला होता ते असंच असावं, असं तिला उगाच वाटून गेलं.

संध्याकाळी वकीलदादाचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज झाला.

"नक्कल शिक्क्याची आहे?"

"दोन शिक्क्यांची."

"हं. मग ओळ बदलावी लागेल." तो खाकरला. "काय लिहू? सैन्यात सेवा?"

बाबांनी पलंगावरून हात लांब केला. तिनं फोन त्यांच्या कानाला लावला. "रफूगार," बाबा म्हणाले. "लिही, रफूगार. युद्धात चार वर्षं कोट सांधले."

"काका, एवढंच?"

"एवढंच. आणि कडेला त्या पोराचं नाव घाल. कोटवाल्याचं."

"तो आपल्या घराण्यातला नाही, काका. झाडावर कसा बसवू?"

"झाडावर नको. खाली बसू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन परत दिला.

वकीलदादानं पुन्हा कागद सरकवला. मग म्हणाला, "जागा आहे खाली. नाव नीट सांग, एकेक अक्षर."

दुसऱ्या दिवशी दुपारी रफूताई उसवलेलं अस्तर परत शिवायला बसली. बाबांनी कोट सोडायला आधी नकार दिला, मग एक बाही स्वतःच्या हातात ठेवून बाकीचा दिला. काखेपाशी कसर लागल्याचं तिला तेव्हा दिसलं. बारीकच भोक होतं.

"हे करू का?" तिनं विचारलं.

"तू नाही तर कोण?"

ऊन तिच्या मांडीपर्यंत चढलं होतं. तिनं देवाचं नाव घेतलं, त्यामागोमाग त्या पोराचंही घेतलं, आणि धाग्यासाठी कोटाची दुमड उलटली. विरळ जागेच्या पलीकडे, पार टोकापर्यंत, दुमड भरलेली होती. आजोबांनी पुढच्यासाठी पुष्कळ धागा शिल्लक ठेवला होता.